हजेरीवही

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी समोरच्या घरातलं सगळं सामान विकायला निघालं. घरमालक जानेवारीत गेले. ओहायोत राहणारी मुलगी येऊन दोन आठवडे राहिली, हवं ते तिने गाडीत भरलं आणि उरलेल्या संसारावर विक्रीवाल्यांकडून किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या. इथे अमेरिकेत ही रीतच आहे. तरीही सकाळी आठ वाजता अनोळखी माणसं त्या स्वयंपाकघरात शिरून कपाटांची दारं उघडून बघताना दिसली आणि मला आत जाववेना. गेले ती अकराच्या सुमारास, तीसुद्धा थेट गॅरेजमध्ये. तिथे नेहमीचाच वास होता, गवत कापायच्या यंत्रातल्या पेट्रोलचा आणि दमट पुठ्ठ्यांचा. एका खोक्यात नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली तो पिवळा झेंडा घडी करून ठेवलेला होता. वेटोळं घालून बसलेला रॅटलस्नेक आणि खाली अक्षरं, ‘मला पायदळी तुडवू नका’. किंमत दोन डॉलर. मी हात पुढे करेपर्यंत विशीतल्या एका मुलाने तो उचलला, खांद्यावर टाकला, पैसे दिले आणि निघून गेला. त्याच खोक्याच्या तळाशी हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. तिच्यावर किंमतच नव्हती. विकायला बसलेली बाई म्हणाली, “फुकट घेऊन जा, नाहीतर संध्याकाळी कचऱ्यातच जाणार आहे.”

वही मी घरी आणली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

आतमध्ये पट्टीने आखलेले रकाने आहेत. तारीख, नाव, फोन आणि शेवटचा रकाना ‘काय आणाल’. त्यात कॉफी, डोनट, कागदी पेले, नावाच्या चिठ्ठ्या असं काय काय. एका माणसाच्या नावापुढे मात्र प्रत्येक वेळी एक नोंद ठरलेली : खुर्च्या, १२. ही जानेवारीत गेलेल्या समोरच्या आजोबांची वही, सरकारी खर्च आणि कर्जाविरुद्धच्या ‘टी पार्टी’ चळवळीच्या बैठकींची. आम्ही घरात त्यांना ‘झेंडेवाले आजोबा’ म्हणायचो. हे नाव माझ्या मुलीने ठेवलेलं, ती तेव्हा सहा वर्षांची होती. व्हर्जिनियात, रिचमंडच्या पश्चिमेला हेन्रायको काउंटीत आम्ही घर घेतलं २००८ च्या शरदात, सगळं कोसळत होतं नेमक्या त्या दिवसांत. बँकांसाठी सरकारने ७०० अब्ज डॉलर मंजूर केले होते आणि आमच्याच गल्लीत तीन घरांवर जप्तीच्या पाट्या लागल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत शिकागोच्या बाजारातून बोलताना रिक सँटेली हा वार्ताहर टीव्हीवर भडकला, की शेजाऱ्याचं गृहकर्ज आम्ही का फेडायचं, आपण शिकागोत एक ‘टी पार्टी’च करू या. आजोबांनी ते पाहिलं होतं. सगळा जन्म विजेच्या खांबांवर चढून तारा ओढण्यात गेलेला माणूस, कर्जाचा हप्ता एकदाही चुकवलेला नाही, आणि राजकारणात त्याआधी कधी पडलेला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या ओसरीवर तो झेंडा लागला.

मे २००९ च्या पहिल्या पानावर ६१ नावं आहेत. एका बार्बेक्यूच्या हॉटेलची मागची खोली त्यांना महिन्यातून एका मंगळवारी फुकट मिळायची. खुर्च्या अपुऱ्या पडायच्या म्हणून आजोबा स्वतःच्या बारा घडीच्या खुर्च्या ट्रकमध्ये टाकून न्यायचे. दुपारी चारच्या सुमारास तो लोखंडी खणखणाट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. रात्री साडेनवाला पुन्हा तोच आवाज, थोडा थकलेला. मार्च २०१० मध्ये आरोग्यविम्याचा कायदा झाला, त्या महिन्याच्या पानावर ९४ नावं आहेत. लोक भिंतीला टेकून उभे राहिले असणार. अक्षरं बहुतेक म्हाताऱ्यांची, जुन्या शाळांतून घटवलेली तिरकी वळणदार अक्षरं. निवृत्त शिक्षिका, छोटे दुकानदार, नौदलातून बाहेर पडलेली माणसं. यातल्या बऱ्याच जणांना मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा, मिळत होतं, पेन्शन मिळत होतं, आणि सरकार फार मोठं झालंय असंही तीच म्हणत होती. मी एकदा आजोबांना हे विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “ते मी कामाच्या प्रत्येक आठवड्याला भरलेलं आहे. माझंच मला परत मिळतंय.” कष्टाचं आणि फुकटाचं यांत ते जी रेघ मारत होते, ती मला जागोजागी चुकीची वाटायची. पण रेघ मारणारा माणूस अप्रामाणिक नव्हता.

त्यांच्या गॅरेजच्या आतल्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर देशाच्या कर्जाचा आकडा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते तो पुसून नवा लिहायचे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ११ लाख कोटी डॉलरच्या पुढे होता. माझी मुलगी शून्यं मोजायला तिथे जायची. ते तिला एकेक शून्य बोटाने दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, “आणि हे तुला फेडायचंय.” ती घाबरून घरी यायची.

१५ एप्रिल २०१० ला, कर भरायच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी आम्हाला गावातल्या कनावा प्लाझामधल्या सभेला बोलावलं. मी का गेले? शेजारधर्म म्हणून, आणि थोडी उत्सुकता म्हणूनही. उन्हाळ्याची चाहूल लागली होती, गवत नुकतंच कापलेलं होतं, आणि तळलेल्या कांद्याचा वास सगळीकडे पसरला होता. तिकोनी टोप्या घातलेले लोक, पिवळे झेंडे, राज्यघटनेच्या खिशात मावतील अशा पुस्तिका. एका तिकोनी टोपीवाल्याने मला ‘टी पार्टी’ या नावामागची, १७७३ च्या १६ डिसेंबरची गोष्ट प्रेमाने समजावून सांगितली, बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या कशा पाण्यात टाकल्या ती. मी मान डोलावत होते, पण मन शनिवारवाड्यात गेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला, आणि दीड वर्षात राघोबादादा सुरतेला त्याच कंपनीशी तह करून बसले. एका टोकाला लोकांनी कंपनीचा माल समुद्रात फेकला, दुसऱ्या टोकाला आपणच तिला घरात घेतलं. हे त्याला सांगावं असं फार वाटलं, पण सांगता आलं नाही. तेवढ्यात समोरून काही फलक आले. राष्ट्राध्यक्ष ओबामांचा जन्म खरा कुठला, असं विचारणारे. एकावर त्यांचा चेहरा असा रंगवला होता की मी मुलीला उचलून तिचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं. एका बाईने मला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? प्रश्न साधाच असेल, पण त्या फलकांच्या शेजारी उभं राहून तो साधा वाटत नव्हता. आजोबा मध्येच म्हणाले, “ती माझ्या समोरच्या घरातली.” आणि आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. फलकांबद्दल वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. ते काहीतरी बोलतील याची मी वाट पाहत होते. आजही ते मला टोचतं.

त्यांच्या त्या सभेचा परवाना, विमा, फिरती स्वच्छतागृहं, सगळ्याचे पैसे या लोकांनी महापालिकेत भरले होते. पुढच्या वर्षी त्याच प्लाझामध्ये बड्या भांडवलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या ‘ऑक्युपाय’वाल्यांनी पैसे न भरता तंबू ठोकले, तेव्हा रिचमंडच्या टी पार्टीने आमचे पैसे परत करा अशी मागणी केली होती. आजोबांच्या वहीत तेव्हाच्या पानावर समासात ‘पावत्या’ असा शब्द दोनदा खाली रेघ मारून लिहिलेला आहे. या माणसांचं हे असं होतं. पावत्या जपणारी माणसं.

पावत्या जपणारा आणखी एक माणूस मला जन्मापासून माहीत आहे.

माझे वडील, अण्णा, मिरजेचे. जनसंघाचे, आणि तेही दिवा ही निवडणुकीची खूण असतानाचे. त्या काळात आमच्या गल्लीत जनसंघाचं नाव घेणारी चार-पाचच घरं होती. गेरूने भिंतींवर पणती काढायची, सायकलवरून पत्रकं वाटायची आणि सभेला सतरंज्या घालायच्या, हे अण्णांचं काम. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता असं आपण मराठीत सहज म्हणतो, कधी कौतुकाने, बऱ्याचदा कीव करत. मी त्या सतरंज्यांवर झोपलेली मुलगी आहे. त्यांचा धुळीचा आणि नारळाच्या तेलाचा मिसळलेला वास मला अजून येतो. सभा संपली की पुढारी जीपमधून जायचे. अण्णा आणि त्यांचे दोन मित्र सतरंज्या झटकायचे, चार घड्या घालायचे, हातगाडीवर टाकायचे. मग पेट्रोमॅक्सच्या उजेडात अण्णा वहीत लिहायचे : उपस्थिती ३२, चहा ३२, शिल्लक अमुक. अण्णांचे विचार मला कॉलेजात असल्यापासून पटत नाहीत, आणि आमची भांडणं शेजाऱ्यांपर्यंत ऐकू गेलेली आहेत. पण त्या वहीबद्दल मी कधी वाईट बोललेले नाही.

म्हणून आजोबांचा बारा खुर्च्यांचा खणखणाट ऐकताना मला राग यायचा, भीती वाटायची आणि घरची आठवणही यायची.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांचं शिखर आलं. रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवल्या. दक्षिण कॅरोलायनात निकी हेली गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, पंजाबी आईवडिलांची मुलगी, आणि तिला याच लोकांनी उचलून धरलं होतं. आजोबा मुद्दाम सांगायला आले, ‘तुमची’ म्हणून. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत तेव्हा ३२ टक्के अमेरिकन स्वतःला टी पार्टीचे समर्थक म्हणवत होते. त्यानंतर उतार लागला. २०११ च्या उन्हाळ्यात कर्जमर्यादा वाढवायची की नाही यावरून नव्या खासदारांनी देश कड्यापर्यंत नेला आणि ५ ऑगस्टला एका मानांकन संस्थेने अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा काढून घेतला. आकडा कमी व्हावा म्हणून भांडायला पाठवलेली माणसं, त्यांच्या भांडणाने देशाची पत गेली. वहीत सप्टेंबर २०११ ला ४७ नावं आहेत.

मग आला ऑक्टोबर २०१३. आरोग्यविम्याच्या कायद्याला पैसे द्यायचे नाहीत यावर टी पार्टीचे खासदार अडून बसले आणि सरकार १६ दिवस बंद पडलं. व्हर्जिनियात केंद्र सरकार म्हणजे कुठलं दूरचं भूत नव्हे. इथे घराघरात कोणी ना कोणी सैन्यात, गोदीत, खात्यात किंवा कंत्राटावर. माझा नवरा एका खात्याच्या कंत्राटावर होता. कायम नोकरीतल्यांना मागाहून पगार मिळाला, कंत्राटी लोकांना नाही. मी सोळा दिवस वाणसामानाची यादी रोज नव्याने लिहीत होते आणि समोरच्या ओसरीवर तो साप रोज फडफडत होता. आठवडाभर मी आजोबांशी बोलले नाही. अठराव्या दिवशी ते दारात आले, टोपी हातात. “किती दिवस बुडाले?” मी म्हटलं, सगळे. ते बराच वेळ पायपुसण्याकडे बघत उभे राहिले. मग परत गेले आणि शिडी घेऊन आले. आमच्या पन्हाळीत पानं साचून पाणी तुंबलं होतं, ती त्यांनी सत्तरी उलटलेल्या हातांनी दुपारभर साफ केली. क्षमा असा शब्द काढला नाही. मीही चहा दिला, पण आत या म्हटलं नाही. त्या महिन्याच्या पानावर १४ नावं आहेत. चौदातल्या काहींच्या घरीही कदाचित माझ्यासारखीच यादी लिहिली जात असेल.

त्याच सुमारास त्यांच्या घरी टपाल फार येऊ लागलं होतं. जाड पाकिटं, लाल अक्षरात ‘तातडीचं’, आत २५ डॉलरची मागणी. वॉशिंग्टनमधल्या समित्या, नावात सगळीकडे ‘टी पार्टी’ आणि ‘देशभक्त’. त्यांतल्या कितीतरी समित्यांचा पैसा उमेदवारांपेक्षा सल्लागारांवर आणि पुढची पाकिटं छापण्यावर जास्त खर्च व्हायचा, हे पुढे वर्तमानपत्रांत आलं. आजोबांची बायको ती पाकिटं चिडून कचऱ्यात टाकायची, ते पुन्हा काढायचे. आणि कर खात्याने नावात ‘टी पार्टी’ असलेल्या गटांचे करसवलतीचे अर्ज वेगळे काढून रखडवले, हेही खरं निघालं. मे २०१३ च्या सरकारी तपासणी अहवालात तसं नोंदलेलं आहे. आमच्या रिचमंडच्या गटालाही प्रश्नांची भेंडोळी आली होती. म्हणजे वरून सरकार संशय घेत होतं आणि आपलेच म्हणवणारे खिसा चाचपत होते. मागच्या खोलीत खुर्च्या मांडणारी माणसं दोन्हीकडून एकटी पडत गेली.

२०१४ चा उन्हाळा मला विसरता येत नाही, कारण त्यात दोन फोन आहेत. १६ मे ला रात्र जागून मी मिरजेला फोन लावला. भाजपला एकट्याला २८२ जागा. मला आनंद नव्हता, पण अण्णांसाठी काहीतरी होत होतं. पलीकडे फटाके ऐकू येत होते. अण्णांचा आवाज शांत होता. म्हणाले, “मीच जाऊन पाव किलो पेढे आणले. कार्यालयात मंडपवाल्याने खुर्च्या लावल्यात, पांढऱ्या कापडाच्या. पोरं नवीन आहेत, मला ओळखत नाहीत.” तक्रारीचा सूर नव्हता. मग म्हणाले, “सतरंज्या आता कोणी घालत नाही गं.”

दुसरा फोन महिन्याभराने, १० जूनला, समोरच्या घरातून. आमच्या मतदारसंघाचे खासदार एरिक कँटर, प्रतिनिधीगृहातल्या बहुमताचे नेते, पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. त्यांना ११ टक्क्यांनी हरवणारे डेव्ह ब्रॅट हे ॲशलंडच्या छोट्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कँटर यांच्याकडे ५० लाख डॉलरहून जास्त, ब्रॅट यांच्याकडे दोनेक लाख. वॉशिंग्टनमधल्या त्या मोठ्या समित्यांनी ब्रॅटसाठी जवळजवळ काहीच केलं नव्हतं. केलं ते इथल्या मंगळवारच्या बैठकींनी, दारोदार फिरून. वहीत जूनला एकदम ४१ नावं आहेत, आणि त्या पानावर कॉफी सांडल्याचा डाग. आजोबा फोनवर लहान मुलासारखे हसत होते. पण ब्रॅट यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा कर्जाचा आकडा नव्हता. कँटर स्थलांतरितांबाबत मऊ आहेत, हा होता. मी अभिनंदन म्हटलं आणि गप्प झाले. तेही गप्प झाले. रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला आम्ही दोघं फोन कानाला लावून खिडकीत उभे, एकमेकांना दिसत होतो.

तेव्हा मला कळलं की पार्टी संपत आली आहे. जिंकलेल्या रात्रीच. राग होता तसाच होता, वाढतच होता. फळ्यावरच्या आकड्यातून तो उठला आणि दुसरीकडे राहायला गेला. त्या नव्या घरात खुर्च्या मांडायला, कॉफी आणायला, पावत्या जपायला माणसांची गरज नव्हती. टीव्ही होता, फोन होता, थोड्याच दिवसांत प्रचंड मैदानंही आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये गॅलपला फक्त १७ टक्के समर्थक सापडले, आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की आम्ही बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. १७ टक्के म्हणजे तरी कोट्यवधी माणसं. वहीत त्या महिन्यात पाच नावं आहेत. ब्रॅट स्वतः २०१८ मध्ये अबिगेल स्पॅनबर्गर यांच्याकडून अगदी थोडक्यात हरले, ज्या उपनगरांनी त्यांना निवडलं तिथेच. २०२४ च्या मे महिन्यात फ्रीडमवर्क्स ही टी पार्टीची वॉशिंग्टनमधली मोठी संस्थाही बंद पडली. पिवळा झेंडा मात्र मला अजून सगळीकडे दिसतो, ट्रकवर, नंबर प्लेटवर, ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेत घुसला तेव्हा कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरही दिसला. त्या दिवशी मी आजोबांच्या ओसरीकडे पाहिलं. खांब रिकामा होता. त्यांनी तो झेंडा आधीच काढला होता की त्याच दुपारी, मला सांगता येणार नाही. बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती, ते बाहेर फारसे दिसतच नसत.

मला या चळवळीची हार हवी होती. हे मी लपवत नाही. तिच्या फलकांनी माझ्या लेकराला घाबरवलं, तिच्या हट्टाने माझ्या घरातला पगार बुडवला. तरीही हिरवी वही उलटताना जीव थोडा थोडा होतो. गॅरेजमधला फळा विक्रीच्या दिवशीही भिंतीवर होता. शेवटचा आकडा १९ लाख कोटी, २०१६ च्या वसंतातला, शाई पुसट झालेली. २०२४ च्या अखेरीस तो ३६ लाख कोटींच्या पुढे गेला होता. तो फळा कोणी विकत घेतला नाही. आता त्या आकड्याबद्दल मंगळवारी जमून भांडणारंही आमच्या गल्लीत कोणी नाही, आणि माझी मुलगी, जिला तो फेडायचाय, ती आता मतदार आहे.

परवा अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते आता ८७ चे आहेत, ऐकू कमी येतं, पण वही म्हटल्यावर त्यांनी आईला टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. मी पानापानावरचे आकडे वाचत गेले : ६१, ९४, ४७, १४, ४१, ५. ते प्रत्येक आकड्याला ‘हं’ म्हणत होते. शेवटचं पान मार्च २०१६ चं. तारीख घातलेली, रकाने नीट पट्टीने आखलेले. नाव एकच, त्यांचं स्वतःचं. ‘काय आणाल’ खाली : कॉफी. खुर्च्या, १२.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

“एकटाच होता म्हणतेस,” ते म्हणाले, “मग परत गाडीत टाकायला हाताशी कोण होतं?”